विंडोज १० चे अपडेट बंद झाले, आता जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं? (पायरी पायरीने)

मशीन चांगली चालून राहिली, काही तक्रार नाही, अन् मधेच स्क्रीनवर पाटी येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला, नवीन पीसी घ्या. मग कोणी म्हणतो मशीन भंगारात गेली, कोणी म्हणतो काही होत नाही भाऊ वापरत राहा, अन् दुकानवाला म्हणतो आणा इकडे, विंडोज ११ मारून देतो. तिन्ही सल्ले अर्धवट आहेत. आमच्या यवतमाळ-वाशिमच्या पट्ट्यात अभ्यासिका म्हणा, कृषी केंद्र म्हणा, सेतू म्हणा, शाळा म्हणा, सगळीकडे त्याच काळ्या डेल अन् एचपीच्या मशीन आहेत, मोठ्या शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या अन् नागपूरवरून सेकंडहँड आणलेल्या. मी माझी स्वतःची मशीन, मग गावच्या अभ्यासिकेतल्या मशीन, मग ओळखीच्या लोकांच्या, अशा सगळ्या या भानगडीतून काढल्या, तेव्हा जिथं जिथं अडलं ते सगळं इथं क्रमाने लिहून ठेवतो.

एक गोष्ट पहिलेच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. मशीन किती जुनी ते पाहून ठरवू नका, तिच्यावर काम काय चालते ते पाहून ठरवा. एकाच मॉडेलच्या दोन मशीन असल्या तरी सेतूवाल्याची वाट वेगळी अन् अभ्यासिकेची वेगळी.

१) नेमकं काय बंद झालं?

विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये, अन् १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मोफत सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, फाईली उडत नाहीत, नेट चालते, सगळं चालते. फक्त दर महिन्याला जे सुरक्षेचे अपडेट यायचे ते येणं बंद. विंडोजमध्ये भोकं सापडतच राहतात, आतापर्यंत ती बुजवली जायची, आता आपोआप बुजवणारं कोणी नाही.

याने काय होते ते २०१७ मध्ये दिसलं आहे. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाईली लॉक करून पैसे मागायचा, अन् मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचा अपडेट त्याआधीच मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो टाकला त्यांच्या मशीन त्यातून वाचल्या, ज्यांनी टाकला नाही किंवा ज्यांच्या विंडोजला तो मिळतच नव्हता ते सापडले.

"मी अँटिव्हायरस घेतला आहे ना" हे मला सगळ्यात जास्त ऐकू येते. अँटिव्हायरस घ्या, पण तो विंडोजमधलं भोक बुजवत नाही, आत आलेला चोर ओळखतो एवढंच, अन् तेही ओळखला तर. विंडोजमधला जो डिफेंडर आहे त्याला व्हायरस ओळखायची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, ते चांगलंच आहे, पण त्याच्या भरवशावर बँकेचा व्यवहार करू नका.

२) मशीनवर काय चालते ते वहीत लिहा

खरंच वही घ्या. आठवडाभर त्या मशीनवर कोण बसते, काय उघडते, काय जोडते, सगळं लिहा. मग खालचं वाचा.

फक्त ब्राउझर, पीडीएफ, यूट्यूबवरचे क्लास, एमपीएससी-पोलीस भरतीचे फॉर्म, महाडीबीटी, सातबारा पाहणं, ईमेल: हे सगळं लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम) आरामात होते. अभ्यासिका अन् घरची मशीन बहुतेक यातच येते.

अंगठ्याचं मशीन (आधारचं बायोमेट्रिक), डिजिटल सहीचा डोंगल, टॅली, आयएसएम किंवा श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टायपिंग इन्स्टिट्यूटचं परीक्षेचं सॉफ्टवेअर: इथं विंडोजच पाहिजे. अंगठ्याच्या मशीनची जी आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असते ती विंडोज अन् अँड्रॉइडसाठी बनवलेली आहे, टॅली विंडोजची आहे. कोणी सांगेल लिनक्सवर जुगाड करून चालवता येते, तर लोक दारात रांगेत उभे असताना जुगाड बंद पडला तर काय करायचं हा विचार आधी करा. सेतूवाल्या भावांनो, ताईंनो, तुम्ही सरळ विंडोजच्याच वाटेने जा.

३) मशीनची माहिती काढा

स्टार्टवर राइट क्लिक, सिस्टीम उघडा. प्रोसेसर अन् रॅम लिहून घ्या.

प्रोसेसरचं नाव वाचायची रीत अशी. इंटेलचा असेल तर आय३, आय५ याच्यापुढे जो नंबर येतो तो पाहायचा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-६२०० म्हणजे सहावी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय५-१०२१० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी अन् पुढचा पाहिजे, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढे. सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन चालू होताना परकं सॉफ्टवेअर अडवणारी सोय), ४ जीबी रॅम अन् ६४ जीबी डिस्क.

सापळा: "आय७ आहे साहेब, चालेलच." नाही चालत! चौथ्या पिढीचा आय७ यादीत बसत नाही अन् आठव्या पिढीचा साधा आय३ बसतो. मोठा आकडा आयच्या पुढचा नाही, डॅशच्या पुढचा पाहा.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते टाकलं की सरळ हो किंवा नाही सांगते अन् काय कमी पडते तेही सांगते. त्यात प्रोसेसरपुढे हिरवी खूण आली पण टीपीएम नाही असं आलं तर खचून जाऊ नका, बऱ्याच मशीनमध्ये ते असते पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बंद करून ठेवलेलं असते. इंटेलमध्ये पीटीटी अन् एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा अन् चालू करा.

४) कॅबिनेट उघडून साफ करा

हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत अन् आपल्या भागात सगळ्यात आधी हेच केलं पाहिजे. जिनिंगजवळच्या गावात, किंवा घरातच कापूस भरून ठेवला असेल तर, रुईचे बारीक तंतू पंख्यातून आत जातात अन् प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर बसतात. धूळ त्यात अडकते, अन् पंखा काढला की खाली राखाडी रंगाचा जाड थर निघतो, नखाने सोलला तर अख्खा तुकडा हातात येतो, त्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतही नाहीत. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, आत हवा जायला जागा नाही, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो अन् आपण म्हणतो मशीन म्हातारी झाली.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्टॅटिक काढून टाका. मऊ ब्रश अन् ब्लोअरने साफ करा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटासुलटा फिरून खराब होतो. हीटसिंक उचलला तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन थर्मल पेस्ट लावावीच लागते, वाटाण्याएवढी पुरते. लॅपटॉप कधी उघडला नसेल तर हे काम जाणत्या माणसाला द्या.

उघडलीच आहे तर आत साधी गोल फिरणारी हार्ड डिस्क आहे का पाहा. असेल तर २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर हाच करा, रॅम त्याच्यानंतर. रॅम घेताना डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते पाहून घ्या, एकाच्या जागी दुसरी बसत नाही, अन् जुन्या लॅपटॉपला कित्येकदा कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते.

५) सामान अन् कागदपत्रं

हे सगळं टेबलावर आलं की मगच सुरू करा:

- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, रिकामा, शक्यतो दोन
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क
- मायक्रोसॉफ्ट अन् गुगल खात्याचा पासवर्ड, अन् त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे
- वायफायचा पासवर्ड
- प्रिंटर अन् स्कॅनरचा पूर्ण मॉडेल नंबर, खालच्या स्टिकरवरून
- टॅलीचा सिरियल नंबर अन् त्याचं खातं
- डेटा जाणारी मोबाईलची केबल, नुसती चार्जिंगवाली नाही
- यूपीएस किंवा इन्व्हर्टर

शेवटचं हलक्यात घेऊ नका. इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाईन गेली तर सगळं पहिल्यापासून, अन् बायोस अपडेट करताना गेली तर बोर्ड जाऊ शकतो. गावात लाईन कधी जाते ते तुम्हाला माहीतच आहे, ती वेळ सोडून बसा.

६) बॅकअप, अन् त्यात लोक काय विसरतात

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तर सगळेच घेतात. विसरते ते हे: मशीनवर दुसऱ्या नावाचा यूजर असतो, त्याचं फोल्डर, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड अन् बुकमार्क, टॅलीचं डेटा फोल्डर, अन् मराठी फॉन्ट. फॉन्ट तर नक्की घ्या. कृतीदेव, सुरेख, शिवाजी, जे काही वापरता ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून ठेवा, नाहीतर दहा वर्षांची पत्रं उघडाल अन् इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल.

सापळा एक: टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करा, नंतर नवीन जागी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करता येते. तसंच फॉरमॅट केलं तर मग त्यांच्या मागे लागत बसावं लागते.

सापळा दोन: काही लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असते, मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूट हलवलं की पुढच्या वेळी निळा स्क्रीन येतो अन् त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी की मागतो. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह असते, बायोसला हात लावायच्या आधी ती पाहून कागदावर उतरवून घ्या.

सापळा तीन: डी ड्राइव्हमध्ये ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही! सी अन् डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ज्या डिस्कवर काम करणार ती सोडून बाहेरच्या डिस्कवर घ्या, अन् दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाईली उघडून पाहा.

७) पहिली वाट: विंडोज १० ला एक वर्ष वाढवून घ्या

नवीन मशीनचे पैसे आज नाहीत, कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर पाहू, अशा घरच्या मशीनसाठी ही वाट चांगली आहे. मायक्रोसॉफ्टने ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेट) नावाची योजना दिली आहे, त्यात सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतात. मधे कधीही नाव नोंदवलं तरी मागचे राहिलेले अपडेट मिळतात, पण उगाच थांबू नका.

आधी विंडोज की दाबून धरून आर दाबा, त्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करा, एंटर. व्हर्जन २२एच२ दिसलं पाहिजे. नसेल तर आधी तेवढं अपडेट करा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथं 'एनरोल नाऊ' अशी लिंक दिसते. ती दिसत नसेल तर राहिलेले सगळे अपडेट टाकून रीस्टार्ट करा, मग बहुधा येते.

पुढे तीन पर्याय येतात: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू करायचा, त्याचे पैसे लागत नाहीत, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्यायचे, किंवा ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरायचे. पहिला घ्या. कोणताही घेतला तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतेच, अन् एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालते, म्हणजे घरातल्या सगळ्या होऊन जातात.

सापळा: बॅकअप चालू करताना फोल्डरचंही बटण चालू राहिलं तर तुमचे फोटो अन् कागदपत्रं वनड्राइव्हवर चढायला लागतात, तिथं फुकट जागा फक्त ५ जीबी, ती भरते अन् मोबाईलचा डेटाही सकाळीच संपतो. विंडोज बॅकअपमध्ये जाऊन फोल्डर बंद ठेवा, सेटिंग्ज तेवढं चालू.

ही योजना घरच्या मशीनसाठी आहे. धंद्याच्या मशीनचा हिशेब वेगळा, पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर अन् पुढे दरवर्षी दुप्पट. त्यापेक्षा सेतू किंवा दुकानवाल्याने ते पैसे आठव्या पिढीच्या सेकंडहँड मशीनमध्ये टाकलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळांना मात्र मायक्रोसॉफ्टने दर फार कमी ठेवला आहे, पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४, तेव्हा शाळेचा कॉम्प्युटर पाहणाऱ्या गुरुजींनी-मॅडमनी आपल्या सॉफ्टवेअर पुरवठादाराला हे आवर्जून विचारावं.

८) दुसरी वाट: विंडोज ११

हेल्थ चेकने हो म्हटलं असेल तर काही डोकं लावू नका, विंडोज अपडेटमधूनच फुकट अपग्रेड होते. दुकानात पैसे द्यायचं कामच नाही.

एक अडचण येऊ शकते. सेकंडहँड मशीनवर दुकानवाल्याने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असते, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीत असते. तुम्ही बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय (नवीन पद्धत, विंडोज ११ ला हीच लागते) केलं की विंडोज उठतच नाही. डिस्क आधी जीपीटी या नवीन मांडणीत करावी लागते, विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, पण ते बॅकअपशिवाय चालवू नका.

आता राहिलं ते "मारून देतो" वालं प्रकरण. यादीत न बसणाऱ्या मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येते, हे खरं आहे. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, अन् वर्षाला जो मोठा अपडेट येतो तो अशा मशीनला आपोआप येत नाही, दरवर्षी पुन्हा हाताने तीच कसरत. कोअर टू डुओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ (२०२४ ची आवृत्ती) पासून विंडोज ११ उठतच नाही. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर काहून करायचं? वरून त्या दुकानातल्या पेन ड्राइव्हमध्ये क्रॅकवालं विंडोज असेल तर अपडेट नसलेल्या विंडोजपेक्षाही वाईट, त्याच्यात आधीच कोणी काय भरलं आहे कळायला मार्ग नाही.

९) तिसरी वाट: लिनक्स मिंट

अभ्यासिकेत मी हेच केलं अन् चौथ्या पिढीच्या मशीन आज रोज सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. पोट्टे दोन दिवसांत सरावले, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं विंडोजसारखंच दिसते. फुकट आहे, लायसन्स नाही, अन् मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर उठते पण ४ तरी पाहिजे. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ असेल तर सिनॅमन.

डाउनलोड: फाईल जवळपास ३ जीबीची आहे, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये बसत नाही. तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तर तिथून आणा, नाहीतर मिंटच्या साइटवरूनच टोरेंटने घ्या, डेटा संपला तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते. मग तपासा: साइटवर शा-२५६ नावाची एक लांबलचक ओळ दिलेली असते, सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करून तीच ओळ काढता येते, दोन्ही जुळल्या पाहिजेत. अर्धवट उतरलेल्या फाईलमुळे इन्स्टॉल मधेच अडकते अन् आपण मशीनला दोष देत बसतो.

पेन ड्राइव्ह: रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती फाईल पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाते.

बूट: पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करा अन् लगेच टकटक टकटक एफ१२ दाबत राहा (डेल, लेनोव्हो). एचपीला एस्केप अन् मग एफ९, असुसला एस्केप. एसरलाही एफ१२ पण आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. कंपनीचा लोगो जाऊन विंडोजचे ठिपके फिरायला लागले म्हणजे उशीर झाला, रीस्टार्ट करून पुन्हा.

करून पाहा: आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच उघडते, डिस्कला अजून हात लागलेला नाही. इथं घाई करू नका, अर्धा दिवस द्या. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर, सगळं पाहा. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येते, इन्स्टॉल झाल्यावर मेनूतलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा अन् ते बहुतेक वेळा वायफायचा ड्रायव्हर शोधून देते.

इन्स्टॉल: आता सगळ्यात महत्त्वाचं. 'इरेज डिस्क' म्हणजे पूर्ण डिस्क, सी-डी-ई सगळं. "मला वाटलं फक्त सी जाईल" असं म्हणून लग्नाचे फोटो गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून माझा आग्रह असा की नवीन एसएसडी घ्या, जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा अन् मिंट कोऱ्या एसएसडीवर टाका. काही बिघडलं तर जुनी डिस्क परत लावली की विंडोज जसंच्या तसं. महिनाभर सगळं नीट चाललं की ती जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा. घरच्या लोकांना पटवायलाही हे सोपं जाते, कारण मागे फिरायची वाट उघडी असते.

विंडोजसोबत शेजारीच टाकायचं असेल तर पहिले विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह करता येत नाही. अन् नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तासांनी चुकीचं दिसलं तर घाबरू नका, दोन सिस्टीम वेळ वेगळ्या पद्धतीने ठेवतात म्हणून तसं होते, विंडोजमध्ये वेळ पुन्हा सिंक केली की जागेवर येते. टाइमझोन कोलकाता निवडा, मुंबई किंवा दिल्ली शोधत बसू नका.

झाल्यावर पहिलं काम, अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट. डेटा बराच लागतो, एकदाच. दुसरं काम टाइमशिफ्ट चालू करणं, त्याने सिस्टीमची जुनी स्थिती परत आणता येते. तुमच्या फाईलींचा बॅकअप तो घेत नाही, तो वेगळा घ्यायचा.

१०) मिंटवर प्रिंटर अन् मराठी

एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडले की चालतात. एप्सनचे टँकवालेही साधारण चालतात. पण आपल्याकडे ज्याच्या त्याच्या टेबलावर तो कॅनन एलबीपी २९०० आहे, तो लिनक्सवर फार छळतो, त्याचा ड्रायव्हर जुन्या वेगळ्या पद्धतीचा आहे. तो प्रिंटर रोज लागत असेल तर एक विंडोज मशीन त्याच्यासाठी ठेवा किंवा मिंटचा विचार सोडा, मधला मार्ग शोधण्यात आठवडा जातो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, इनस्क्रिप्ट लगेच चालते. रोमनमध्ये टाइप करून मराठी काढायची सवय असेल तर ब्राउझरमध्ये गुगल इनपुट टूल्स आहे. कृतीदेवचा फॉन्ट टाकला तर जुनी पत्रं वाचता येतात, पण ऑल्ट दाबून आकड्यांनी जी अक्षरं काढता ती इथं तशी निघत नाहीत, म्हणून टायपिंगचा धंदा करणाऱ्याने विंडोज सोडू नये. मंगल फॉन्टमधली फाईल लिबरऑफिसमध्ये उघडली की फॉन्ट बदलतो अन् पान इकडेतिकडे सरकते, तहसीलला किंवा पंचायत समितीला पाठवायचं असेल तर पीडीएफ करूनच पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं अ‍ॅप नाही, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब चालवा.

११) मशीन बदलायचीच नसेल तर

कृषी केंद्रात नुसतं बिलिंग चालते, नेट लागत नाही, तर विंडोज १० तसंच ठेवा पण नेट खरंच तोडा. वायफाय बंद, केबल काढलेली, मोबाईल फक्त चार्जिंगलाही लावायचा नाही. अन् गावभर फिरलेले पेन ड्राइव्ह त्यात घालू नका, त्या मशीनचा एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. "फक्त पाच मिनिटं नेट लावतो" हे चालत नाही, एक तर नेट आहे किंवा नाही.

या काळात फोनही येतील, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचा सपोर्ट संपला, एनीडेस्क (दुरून तुमची मशीन चालवायचं अ‍ॅप) टाका, चालू करून देतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला असा फोन करत नाही. फोन ठेवून द्या अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन करा.

१२) सेकंडहँड मशीन घेताना

आता बाजारात सातव्या पिढीपर्यंतच्या मशीन स्वस्तात निघून राहिल्या, कारण कंपन्या त्या काढून टाकत आहेत. मिंट टाकायचं असेल तर डोळे झाकून घ्या. विंडोज लागत असेल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीन चालू करून सिस्टीममध्ये प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा, डब्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर बदलता येते. विंडोज ११ आधीच टाकून दाखवलं तर ते सरळ टाकलं की तपासणी चुकवून, हे पाहायला पीसी हेल्थ चेक तिथंच चालवा. मग विंडोज की अन् आर, त्यात टी-पी-एम डॉट एम-एस-सी, एंटर, अन् खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसते का पाहा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनही पाहा. दुकानदार हे पाहू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, अन् बिल घेतल्याशिवाय निघू नका, त्यावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर अन् वॉरंटीचे महिने लिहून घ्या.